पाहुणीला शहर दाखवताना

आमच्या मुळशी तालुक्यातील माले गावापासून पुणे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एवढ्या अंतराला कोणी परदेश म्हणणार नाही. पण ज्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्या घरातील मुलीला हे शहर परदेशच असते. भाषा मराठीच; तरी 'तू कुठली गं?' असे कोणी विचारले की पहिले वर्षभर मी 'इथली जवळचीच' असे सांगून वेळ मारून नेत असे. मालेचे नाव तोंडातून निघत नसे.

अशा शहरात आपण रुळलो न रुळलो, तोच एखादे दिवशी गावाकडची मैत्रीण भेटायला येते. तिला शहर दाखवायचे म्हणजे नेमके काय दाखवायचे? वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे चुकीचे उत्तर मी गेल्या वर्षी दिले आणि त्याची किंमत मला नव्हे, तिला मोजावी लागली. म्हणून हा लेख.

माझी ही मैत्रीण बारावीपर्यंत माझ्याच बाकावर बसायची. गुण तिला माझ्यापेक्षा जास्त. पुढे तिला घरी बसवले. एक वर्ष गेल्यावर तिने फारच धरणे धरले, तेव्हा वडील म्हणाले, "एक दिवस जाऊन बघून ये, मग ठरवू." म्हणजे ती नुसती फिरायला आली नव्हती, तपासणीला आली होती. हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही मी काय केले? सकाळी स्वारगेटला उतरवून घेतल्यावर प्रथम तिला माझी जीन्स आणि नवा टॉप घालायला दिला. मग शनिवारवाडा, तुळशीबाग, दगडूशेठचे दर्शन, संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी. शनिवारवाड्याच्या दरवाजापाशी पहिल्या बाजीरावाचे नाव घेऊन मी वाटाड्यासारखी बोलत होते! फोटो तर किती काढले, त्याला गणती नाही.

काय दाखवले नाही, ते सांगते. वसतिगृहात जागा न मिळाल्याने आम्ही चौघी जणी कॉट बेसिसवर एका खोलीत राहतो, ती खोली जेमतेम कपडे बदलण्यापुरती दाखवली आणि 'ही तात्पुरती आहे' असे खोटे सांगितले. महिनाअखेरीस दोघींत एक डबा येतो, ते सांगितले नाही. दुपारी चार तास मी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते, त्या गल्लीतून जाणेच टाळले. इंग्रजीत माझा विषय राहिला होता, तो तर मी घरीही सांगितलेला नव्हता. आणि ज्या अभ्यासिकेत माझे खरे पुणे आहे, जिथे रात्री दहापर्यंत शंभर मुले-मुली मान वर न करता वाचत बसलेली असतात, ती अभ्यासिका दाखवायचे मला सुचलेही नाही. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे वाटले.

दगडूशेठच्या रांगेत आम्ही तासभर उभ्या होतो. समोरच भिडेवाड्याची जागा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. जुनी इमारत स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडली, पण जागा तर तीच आहे! माझ्या शिक्षणाची सुरुवात तिथून होते असे मी निबंधात दहा वेळा लिहिले असेल. त्या दिवशी त्या बाजूला बोटसुद्धा केले नाही.

मैत्रीण घरी गेली. वडिलांनी मोबाईलवरचे सगळे फोटो पाहिले आणि निकाल दिला, "तिकडं शिकतंय कोण? हिंडत्यात नुसत्या." प्रवेशाचा विषय संपला.

त्यांच्यावर मी पुष्कळ रागावले. पुढे लक्षात आले की त्यांनी पुराव्यावर निकाल दिला होता, आणि पुरावा मी पुरवला होता.

याच सुमारास आनंदीबाई जोशींविषयी वाचत होते. चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल, म्हणून कथा सांगत बसत नाही. मला अडवले ते एका छोट्या गोष्टीने. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम समुद्र ओलांडून आल्या होत्या. बरोबर लहानगी मनोरमा. दोघींचे लांबचे नाते होते. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी रमाबाईंना निमंत्रण दिले होते. आता फिलाडेल्फिया म्हणजे काही लहान गाव नव्हे. १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे झाला, ती वास्तू तिथे आहे, ती प्रसिद्ध घंटा तिथे आहे. पण पाहुणी आली ती पदवीदान पाहायला. जिच्या घरी ती आली, तिच्याजवळ दाखवण्यासारखे सर्वांत मोठे ते होते.

त्या पाहुणीने काय केले पाहा! थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. शाळा पाहिल्या, बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी, त्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या तारखेला, मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाई ते पाहायला नव्हत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. 

आनंदीबाईंचा १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. माझी जीन्स मला आठवली, आणि लाज वाटली.

कोणी म्हणेल, एक दिवस आलेल्या पाहुणीपुढे आपली रडगाणी कशाला गायची? तिने चार घटका आनंदात घालवाव्यात. मान्य आहे. तुळशीबाग मीही वगळणार नाही, माझे स्वतःचे कानातले तिथलेच असते. शिवाय खोली पाहून तिच्या वडिलांनी 'असल्या खुराड्यात पोर ठेवायची नाही' असेही म्हटले असते, हे शक्य आहे. पण मग तो नकार खऱ्या पुण्याला झाला असता. त्यावर वाद घालता आला असता, दुसरी खोली शोधता आली असती. हिंडण्यावर काय वाद घालणार?

त्या दिवशी बसमधून जाताना सेनापती बापट रस्त्याची पाटी पाहून मैत्रीण ओरडली होती, "अगं, हे आपलेच बापट का?" आपलेच. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला, त्यात ज्यांनी तुरुंग भोगला तेच. आमच्या भागातल्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या त्याच धरणाच्या. मी हळूच म्हणाले, "हळू बोल, सगळे बघतायत." या रस्त्यावर आज मोठमोठी हॉटेले आहेत, मॉल आहेत, मुळशीच्या मुलीने तिथे ओरडू नये असे मला वाटले. आणि ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे, ते १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले, तिथे इंग्रजांच्याच देशात इंग्रजी राज्य हिंदुस्थानात काय करते आहे हे उघड बोलले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. मला तर कोणाची शिष्यवृत्तीही जायची नव्हती.

असो. दिवाळीत गावी गेले तेव्हा मैत्रिणीच्या घरी जाऊन सगळे सांगितले. खोली, डबा, दुकान, इंग्रजी. वडील काही बोलले नाहीत, चहा मात्र घ्यायला लावला. आईने विचारले, "इंग्रजी सुटलं का मग?" सुटले आहे. गुणपत्रिका मी दाखवली.

येत्या उन्हाळ्यात, प्रवेश सुरू होण्याआधी, मायलेकी दोघी येणार आहेत. या खेपेला स्वारगेटवरून आधी खोलीवर, मग दुकानात, मग भिडेवाडा आणि संध्याकाळी अभ्यासिका. आईचे गुडघे दुखतात आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. हळूहळू चढू.