‘हार्ड लक’

काही इंग्रजी शब्द सुशिक्षितांच्या तोंडी असे बसले आहेत की, ते उच्चारताना विचार करावा असे कोणास वाटत नाही. ‘हार्ड लक’ हा त्यांपैकीच एक. चेंडू यष्टीला चाटून गेला की ‘हार्ड लक’. सोडतीत नाव निघाले नाही की ‘हार्ड लक’. इथवर आमची तक्रार नाही. ‘लक’ हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास डच वा जर्मन बोलींतून इंग्रजीत आला आणि तो बहुधा जुगाऱ्यांच्या परिभाषेतला असावा, असे कोशकार मानतात. खेळातला शब्द खेळात राहिला तर कोणाचे काय बिघडते? तो खेळाबाहेर पडला म्हणजे मात्र बिघडते.

सन २०२३ च्या मे महिन्यात आम्ही पिंपळवंडीच्या एस.टी. थांब्यावर उभे होतो. एक वयस्क शेतकरी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकून परतले होते. तोडणीची मजुरी व गाडीभाडेही सुटले नाही, असे ते सांगत होते. शेजारचा पदवीधर तरुण कळवळ्याने म्हणाला, “हार्ड लक, तात्या!”

“म्हंजे काय?”

“नशीब वाईट.”

“नशीब वाईट असतं तर पीकच आलं नसतं की!”

या एका उत्तरात जो विवेक आहे, तो आमच्या पदवीधराच्या उद्गारात नाही. आपल्या वाडवडिलांनी शेतकऱ्याच्या संकटांचे दोन भाग केले होते : अस्मानी आणि सुलतानी. गारा पडल्या, पाऊस हटला, ही अस्मानी. तिथे सांत्वन करावे. सुलतानी ती, जी माणसाच्या हुकुमाने येते. तिथे दाद मागावी. ‘हार्ड लक’ या दोन शब्दांच्या सहानुभूतीने हा भेदच पुसून टाकला आहे.

पुढे जुलैत त्याच नारायणगावी वीस किलोच्या क्रेटला ₹२,००० च्या वर भाव गेला. लागलीच ‘शेतकऱ्याला लॉटरी लागली’ असा गजर झाला. उन्हाळ्यात भाव न मिळाल्यामुळे अनेकांनी लागवड कमी केली होती; उष्णतेने व रोगानेही उत्पन्न घटले होते. ज्यांनी पीक जगवले त्यांच्या कष्टाला जुगाराचे नाव मिळाले. ऑगस्टमध्ये नेपाळातून टोमॅटो आणण्याचे ठरले, तेव्हा ही लॉटरी कोणी काढून घेतली, हे मात्र कोणी विचारले नाही. कांद्याचेही तेच. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले; ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. या तारखा पंचांग पाहून कोणास सापडल्या नसत्या. त्या सरकारी अधिसूचनांत आहेत.

कोणी म्हणेल, शहरातल्या गरिबाने महाग कांदा का खावा? प्रश्न रास्त आहे, आणि कदाचित ते निर्णय आवश्यकही असतील. परंतु निर्णय म्हटला की त्याचा कर्ता असतो, त्याचा जाब असतो, ज्याचे नुकसान झाले त्याच्या भरपाईचा विचार असतो. नशीब म्हटले की यांतले काहीच उरत नाही. कपाळाला हात लावण्याची खोड इंग्रजांनी आणली, असे आम्ही म्हणत नाही. ती आपली जुनीच आहे. पण ‘सुलतानी’ हा शब्दही आपलाच होता, तो आपण टाकला.

आणि हा भेद आपणांस कळत नाही असेही नाही. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली, तेव्हा ‘हार्ड लक, बाळ’ म्हणून कोणत्या घराने मुलाची समजूत घातली? सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली गेली, आणि ते योग्यच झाले. स्वतःच्या मुलाला जो न्याय आपण मागतो, तो तात्यांच्या टोमॅटोला आपण एका इंग्रजी उद्गारावर का नाकारावा?

तेव्हा वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी ‘हार्ड लक’ हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबावे, आणि हे संकट अस्मानी की सुलतानी, एवढे स्वतःस विचारावे. सुलतानी असेल तर तात्यांचे सांत्वन करू नये. त्यांच्या बाजूने बोलावे.