मुदत २ ऑक्टोबरपर्यंत

पुणे–सोलापूर महामार्गालगत, यवत आणि पाटस यांच्या दरम्यान राहणारी आम्ही माणसे हे लिहीत आहोत.

हा महामार्ग ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्यासाठी हे आहे. नाव लिहिण्याची गरज नाही. कोणाला उद्देशून आहे, ते तुम्हाला कळते.

निवेदने देऊन झाली. ही शेवटची सूचना.

आमच्या फाट्यासमोरचा दुभाजकातला कट तुम्ही बंद केला. रात्रीतून केला. सकाळी डेअरीला निघालेल्या माणसाला समोर सिमेंटचे ठोकळे दिसले. आधी फलक लावला नाही. ग्रामपंचायतीला पत्र आले नाही.

आता पलीकडे जायचे तर सोलापूरच्या दिशेने पाच किलोमीटर जायचे, तिथे वळायचे आणि पाच किलोमीटर मागे यायचे. घर अलीकडे आणि शेत पलीकडे, अशी इथे कित्येक कुटुंबे आहेत. ओट्यावर उभे राहिले की बांध दिसतो.

आम्ही आजवर काय केले, ते नोंदवून ठेवतो. पुढे कोणी विचारले तर कागद तयार असावा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभांत ठराव केला. पाठवला. १ मेच्या ग्रामसभांत तोच ठराव पुन्हा केला. १५ ऑगस्टला तिसऱ्यांदा. पोचपावत्या आमच्याकडे आहेत. शिक्के स्पष्ट आहेत.

उत्तर एकदाच आले. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित.’ कोणाकडे अग्रेषित, ते लिहिलेले नव्हते.

स्थळपाहणीही झाली. गाडी थांबली. काच खाली आली. फोटो निघाला. काच वर गेली.

लोकप्रतिनिधींना भेटा, असे सुचवण्यात आले. भेटलो. हार घातले. तेही फोटो आहेत.

या काळात आम्ही एकही ठोकळा हलवला नाही. ट्रॅक्टर आणि साखळदंड घरोघर असलेल्या गावाला तो हलवायला किती वेळ लागतो, याचा अंदाज तुम्हीच करा. गावात जेसीबी आहेत. त्यांना तिकडे फिरकू दिले नाही. तरण्या पोरांना आम्ही आवरले. राष्ट्रीय महामार्गाची नासधूस केली तर १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ब खाली पाच वर्षांपर्यंत कैद होते, हे त्यांना पारावर बसवून वाचून दाखवले.

शांततेचे आवाहन आम्हाला यापुढे करू नये. शांतता आमच्याकडूनच होती.

तुमचे कारण आम्हाला माहीत आहे. सुरक्षितता.

ते खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ६१,००० हून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या मार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. मरणातला वाटा ३६ टक्के. आकडे केंद्र सरकारच्याच अहवालातले आहेत.

दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर. त्या वेगापुढून उसाची ट्रॉली आडवी नेणे जोखमीचे आहे, हे आम्हाला कोणी समजावून सांगू नये. त्या ट्रॅक्टरवर आमची मुले बसलेली असतात.

ढाबेवाल्यांनी आणि पंपवाल्यांनी आपल्या सोयीने फोडलेले दुभाजक तुम्ही बुजवले. ते योग्यच केले. त्यावर आमच्यातला एकही माणूस बोललेला नाही. त्यांतले काही ढाबे आमच्याच भावकीचे आहेत. तरीही नाही.

पण गावचा फाटा आणि ढाब्याचा कट तुम्ही एकाच रेघेने खोडलात.

कट बंद केला म्हणून रस्ता ओलांडणे थांबत नाही. फक्त जागा बदलते. काय झाले आहे ते नीट पाहा.

भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. फाट्यावरून तो डाव्या लेनमध्ये येतो. पुढे यू-टर्न घ्यायचा, म्हणून त्याला उजव्या लेनमध्ये जावे लागते. ती वेगाची लेन. वळण्याआधी तो तिथेच थांबतो. मागची ट्रॉली लेनमध्ये उभी राहते. वाट मिळाली की तो वळतो आणि पलीकडच्या वेगाच्या लेनमध्ये उतरतो. तिथून हळूहळू डावीकडे सरकतो.

आधीही तो चार लेन ओलांडत होता. सरळ, थोड्या वेळात, सगळ्यांच्या नजरेसमोर. आताही चारच ओलांडतो. तिरका, रेंगाळत, मागून येणाऱ्याच्या पुढ्यात. हंगामात हे रात्रभर चालते.

याला तुम्ही सुरक्षितता म्हणता.

ज्याला दहा किलोमीटरचे डिझेल परवडत नाही तो काय करतो, तेही तुम्ही रोज पाहता. तो उलट्या बाजूने येतो. कडेकडेने, दिवा लावून. शाळेची मुले दप्तर आधी पलीकडे टाकतात आणि मग दुभाजक चढतात. म्हातारी माणसे लोखंडी कठड्याखालून वाकून जातात. ज्यांना वाकता येत नाही, ती जाणे सोडून देतात.

उलट्या बाजूने येणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागते. २०१९ च्या दुरुस्तीने ते कडक झाले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आमच्या दूधवाल्यांनी दंड भरले आहेत. पावत्या आहेत.

त्याच दुरुस्तीने त्याच कायद्यात आणखी एक कलम आले. १९८अ. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यापायी माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड.

पहिले कलम तुम्ही आम्हाला लावता. दुसरे आम्ही वाचले आहे.

आणखी एक गोष्ट वाचली आहे. तुमच्या मंत्रालयाने केलेली ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या. रस्त्याचा साधारण ५०० मीटरचा तुकडा. तीन वर्षांत तिथे मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत. नाहीतर दहा मृत्यू व्हावेत. मग तो ब्लॅक स्पॉट. मग उपाययोजना.

म्हणजे तुमच्या यादीत नाव यायला आम्ही आधी पाच अपघात सोसायचे, नाहीतर दहा माणसे द्यायची.

ती दहा कोणती, हे ठरवायला आम्ही ग्रामसभा बोलावणार नाही.

महामार्गावर कुठून यायचे आणि कुठून उतरायचे, हे ठरवण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने तुम्हाला दिला आहे, असेही तुमच्याकडून ऐकवण्यात आले. दिला आहे. वाद नाही. पण रस्ता रुंद करताना आमच्या सात-बाऱ्यातून क्षेत्र कमी झाले, तेव्हा तुमची माणसे नकाशा घेऊन चावडीत बसली होती. त्या नकाशात फाट्यासमोर वाट होती. वाट पाहून लोक गप्प बसले. तो नकाशा आम्ही जपून ठेवला आहे.

आमचे मागणे मोठे नाही.

फाट्यावर भुयारी मार्ग करा. माणसापुरता बुटका बोगदा चालणार नाही. उसाची भरलेली ट्रॉली न घासता जाईल एवढी उंची हवी. पाण्याचा निचरा हवा. पावसाळ्यात तलाव होणारे बोगदे आम्ही आसपास पुष्कळ पाहिले आहेत, त्यांत आणखी एकाची भर नको. दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड हवा आणि तो सलग हवा. अर्धा किलोमीटर करून बाभळीत सोडून दिलेल्या डांबराला रस्ता म्हणत नाहीत.

हे काम महिन्याभरात होत नाही, हे आम्हाला कळते. म्हणून तोपर्यंत कट उघडा. वळणाऱ्या वाहनाला थांबायला दुभाजकालगत वेगळी लेन द्या. दोन्हीकडे आधीपासून रम्बलर पट्ट्या, पिवळा ब्लिंकर आणि रात्री उजेड हवा. गळीत हंगामात तिथे झेंडी घेतलेला माणूस उभा करा. यांतले काहीही नवे नाही. काहीही महाग नाही.

२ ऑक्टोबरपर्यंत कट उघडा झालेला हवा. भुयारी मार्गाची मंजुरी आणि काम सुरू होण्याची तारीख लेखी हवी.

ही तारीख विचार करून निवडली आहे. त्या दिवशी ग्रामसभा असते. त्याच सुमारास दसरा येतो, कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मग टोळ्या येतात, फड सुरू होतात. मग गाड्या रस्त्यावर येतात.

कट उघडला नाही तर काय होईल, तेही सांगून ठेवतो.

आम्ही रस्ता अडवणार नाही. टायर जाळणार नाही. कोणाच्या गाडीची काच फुटणार नाही.

आम्ही नियम पाळू.

या पट्ट्यातला एकही माणूस उलट्या बाजूने येणार नाही. एकही मूल दुभाजक चढणार नाही. जो पलीकडे जाईल, तो तुम्ही आखून दिलेल्या वाटेनेच जाईल. उसाचा ट्रॅक्टर, टायरगाडी, दुधाची पिकअप, गुऱ्हाळाचा टेंपो, कडब्याची गाडी. सगळे जातील. रोज, सकाळी सातला, एकामागून एक. सोलापूरच्या दिशेने पाच किलोमीटर, वळून पाच किलोमीटर परत. आपापल्या वेगाने.

बैलाचा वेग आम्हाला वाढवता येत नाही.

कोणत्या गावाची वाहने कोणत्या दिवशी आणि कोणामागे कोण, ते ठरले आहे. यादी तयार आहे. प्रत्येक वाहनाचे कागद पूर्ण असतील. मागे लाल कापड आणि रिफ्लेक्टर असेल. पोलिसांना आठ दिवस आधी लेखी कळवू. रुग्णवाहिकेला वाट करून द्यायला माणसे नेमली आहेत.

बैलगाड्या आणि ट्रॅक्टरना महामार्गावर बंदी घाला, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. घाला. मग या वाहनांनी जायचे कोणत्या सर्व्हिस रोडने, हा प्रश्न उच्च न्यायालयात विचारला जाईल. उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

एवढी माणसे, एवढी वाहने शिस्तीत चालतील का, अशी शंका असेल तर आषाढवारी आठवा. तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते. लोणी काळभोर, यवत, वरवंड, पाटसहून पुढे रोटीचा घाट. यवतला पिठले-भाकरीच्या पंगती उठतात. पाणी, मुक्काम, दिंड्यांची रांग, सगळे गावे पाहतात. लाखोंचा मेळा पुढे सरकतो आणि क्रम मोडत नाही. माणसे रस्त्यावर कशी चालवायची, हे आमच्या गावांना कोणाकडून शिकायचे नाही.

हे झाले रस्त्यावरचे. कागदावरचेही ऐका.

यापुढे या फाट्यावर आणि तुमच्या त्या यू-टर्नवर जो अपघात होईल, त्यात आमची तक्रार असेल. चालकाचे नाव येईल, तसे कलम १९८अ येईल. तिन्ही ठरावांच्या पोचपावत्या जोडल्या जातील. आम्हाला कल्पना नव्हती, असे म्हणायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यावर फक्त तारीख घालायची आहे.

आणि पुढच्या रुंदीकरणाच्या मोजणीला याल तेव्हा तुमच्या खुंट्यांना कोणी हात लावणार नाही. संमतीच्या कागदावर मात्र सही मिळणार नाही. एकाही घरातून नाही.

चर्चेला यायचे असेल तर या. ज्याच्या सहीने काम होते, त्यानेच यावे. निरोप्या नको. चहा मिळेल. तोंडी आश्वासन घेतले जाणार नाही.

२ ऑक्टोबरच्या सभा सकाळी दहाला सुरू होतील. तोपर्यंत तुमचे उत्तर, सही-शिक्क्यासह, प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचलेले असावे. ते सभेत वाचले जाईल.

पोचले नाही, तर वाहनांची यादी वाचली जाईल.