विश्लेषण : कुत्र्या-मांजरांचा मधुमेह; घरातल्या गोळ्या नकोत, घड्याळ सांभाळा!

मधुमेह मराठी घरांना नवा नाही. फ्रीजच्या दारात इन्सुलिनची बाटली आणि कपाटात ग्लुकोमीटर हे चित्र नाशिकमधल्याही अनेक घरांत दिसते. म्हणूनच घरच्या कुत्र्याला किंवा मांजरीला मधुमेह झाल्याचे कळले की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक, ‘आता याचे काही खरे नाही’. दुसरी, ‘आजोबांचीच गोळी अर्धी करून देऊ’. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दुसरी तर जिवावर बेतू शकते.

आजार नेमका काय आहे?

अन्नातून रक्तात आलेली साखर पेशींना वापरता यावी, यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. ते कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे बाहेर पडते. जाताना ती पाणीही ओढून नेते, म्हणून तहान वाढते. पेशी मात्र उपाशीच राहतात, म्हणून भूक वाढूनही वजन घटते.

माणसाला हा आजार उलगडला तोच कुत्र्यांमुळे. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याच्या लघवीत साखर आढळली. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन शोधले. ज्या प्राण्यामुळे हे औषध मिळाले, त्यालाच ते नाकारणे म्हणूनच जास्त खटकते.

कुत्रा आणि मांजर यांच्यात फरक काय?

कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. मधुमेहाच्या अनेक गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. पण तिथे काही उरलेलेच नसेल, तर गोळी काय करणार? त्यामुळे कुत्र्याला साधारणपणे आयुष्यभर, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते.

मांजरांचा मधुमेह माणसांच्या ‘टाइप २’ सारखा असतो. लठ्ठपणा आणि घरात बसून राहणे ही त्याची मोठी कारणे. लवकर उपचार सुरू झाले, कर्बोदके कमी केली आणि वजन आटोक्यात आले, तर काही मांजरांचे इन्सुलिन बंदही होऊ शकते.

नसबंदी न केलेल्या कुत्रीमध्ये माजानंतरच्या काळात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे शरीर इन्सुलिनला जुमानेनासे होऊ शकते. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ म्हणत नसबंदी टाळणाऱ्यांनी हा धोका लक्षात घ्यावा.

लक्षणे कशी ओळखावीत?

• पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होणे. कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलीहून जास्त पाणी पीत असेल, म्हणजे ३० किलोचा लॅब्रॅडॉर तीन लिटरहून जास्त, तर तपासणी करावी. ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देऊ नये.
• शिकवलेल्या कुत्र्याने घरातच लघवी करणे. तो खोडकरपणा नसतो.
• भरपूर खाऊनही वजन घटणे.
• कुत्र्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तर मांजरीचे मागचे पाय टाचेवर टेकणे.

उलट्या, सुस्ती आणि जेवण बंद अशी स्थिती आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजरीची साखर भीतीनेही वाढते, त्यामुळे दवाखान्यातल्या एकाच आकड्यावर निदान करू नये. लघवीची आणि फ्रुक्टोसामाइनची तपासणी उपयोगी ठरते.

मोठी चूक कुठे होते?

सिरिंजमध्ये. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी टोपीची. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. छोट्या पॉमेरेनियनला हा डोस मारक ठरू शकतो. उलट गल्लत झाली तर दहाऐवजी चारच युनिट जातात. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर सिरिंजचा प्रकार स्पष्ट लिहावा आणि लिहिला नसेल तर मालकाने तो मागून घ्यावा. ‘घरात आहे तीच वापरू’ हे इथे चालत नाही.

माणसांचा ग्लुकोमीटरही प्राण्यांची साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकतो. त्या आकड्यावरून डोस परस्पर बदलू नये.

खायला काय द्यावे?

रोज तेच अन्न, तितकेच आणि त्याच वेळी. चहासोबतचे बिस्किट आणि येता-जाता टाकलेला चपातीचा तुकडा बंद. मांजर मूळची मांसाहारी, तिला दूध-भातावर ठेवणे योग्य नाही. ‘शुगर फ्री’ पदार्थ सुरक्षित समजू नयेत. त्यातील झायलिटॉल कुत्र्याची साखर धोकादायकरीत्या उतरवते. नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट : हंगामात घरोघरी येणारी द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला देऊच नयेत. मधुमेह असो वा नसो, त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

साखर अचानक उतरली तर?

झोकांड्या जाणे, थरथर किंवा झटके दिसले तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नये. प्राण्याने जेवण टाकले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस देऊ नये.

हे सगळे पेलवेल का?

सुई बारीक असते आणि बहुतेक प्राणी तिला लवकर सरावतात. खरा प्रश्न वेळेचा असतो. सकाळी सातचे आणि संध्याकाळी सातचे इंजेक्शन कोण देणार? गावाला गेल्यावर काय करायचे? महिन्याचा खर्च किती? या गोष्टी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगायला हव्यात आणि घरच्यांनी त्या आपसात वाटून घ्यायला हव्यात. सगळा भार घरातल्या एकाच बाईवर टाकला, तर उपचार महिनाभरात ढेपाळतात.

योग्य डोस बसायला काही आठवडे जातात. तोवर आकडे वर-खाली होतातच. या काळात धीर सोडून प्राण्याला सोडून देणे किंवा कायमचे झोपवणे हा घाईचा निर्णय ठरतो. मधुमेह बरा होईलच असे नाही, पण वेळ पाळणारे घर मिळाले तर मधुमेही कुत्रा वर्षानुवर्षे दारात शेपटी हलवत उभा राहू शकतो.