हलका तंबू आणि वारा

ग्वाल्हेरचे लष्कर हे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले नगर. राहुटी, तणावा, मेख हे शब्द त्यामुळे येथील मराठी घरांना परके नाहीत. मात्र त्या राहुट्या जनावरांच्या पाठीवरून जात. आजचा तंबू आपल्या मुलामुलींच्या पाठीवरून हिमालयात जातो. साहजिकच दुकानात पहिला प्रश्न निघतो तो वजनाचा. आमच्या मते तो दुसरा असावा. हे वजन कोठून कमी केले आहे, हे आधी विचारावे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात ऐटीत उभा राहणारा तंबू ६० च्या झोतात जमीनदोस्त होतो, तो बहुधा कापड फाटून नव्हे, तर कमान मोडून किंवा मेख उपटून. कापड पातळ असले म्हणून बिचकण्याचे कारण नाही. सिलिकॉनचा लेप दिलेले तलम नायलॉनही चिवट असते. ते भिजले की सैलावते, एवढे लक्षात ठेवून निजण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढावेत. कमानी मात्र चांगल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्याच घ्याव्यात. काचतंतूची कमान स्वस्त खरी, पण ती चिरफाळून फुटते आणि तिची धार कापडात शिरते. दोनच कमानी माथ्यावर एकदा छेदणाऱ्या तंबूपेक्षा तीन-चार कमानी अनेक ठिकाणी छेदणारा घुमट अधिक भक्कम. बोगद्याच्या आकाराचा तंबू वजनाला हलका, पण त्याचे टोक वाऱ्याकडे हवे. वारा कुशीवर आला की तो डळमळतो.

१९११ च्या जुलैत अंटार्क्टिकातील हिवाळी काळोखात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड यांचा तंबू वादळाने उडवून नेला. वादळ ओसरल्यावर तो उताराच्या पायथ्याशी सापडला, म्हणून तिघे जिवंत तळावर परतले. उंच खिंडीत आपल्या मुलांचाही आसरा तेवढाच असतो.

हलक्या तंबूसोबत येणाऱ्या मेखा बहुधा काडीसारख्या असतात, त्या बदलाव्यात. वजनाच्या हौसेपायी तणावे घरी ठेवून जाणारेही आम्ही पाहिले आहेत! उलट, चार वावांची जादा दोरी न्यावी. खडकाळ जागी मेख शिरत नाही, तेथे तणावा मोठ्या दगडाला बांधता येतो. मेख ठोकताना तिचे डोके तंबूपासून बाहेर कललेले असावे.

दुकानात पंख्याखाली मांडलेला तंबू पाहून काहीच कळत नाही. वैशाखात लू वाहू लागली की एखाद्या दुपारी तो मोकळ्या मैदानावर उभारून पाहावा. कोणता तणावा सैल पडतो, ते तेथेच दिसते.