पेणचे मूर्तिकार व शास्त्रज्ञ

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं प्लॅस्टरच्या मूर्तींचा निषेध केला. २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें मूर्ति घडविण्यापुरती ती बंदी सैल केली. पण पेणच्या कारागिरास दुसरी वाट कोणीं दाखविली? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें बेकरीवाल्यांच्या परिचयाच्या अमोनियम बायकार्बोनेटानें प्लॅस्टर विरघळविण्याची रीत काढिली, व पुणें महानगरपालिकेनें ती अंगीकारिली. खालीं चुनखडीचा साका, वर खतास योग्य असें पाणी! संशोधक व सरकार यांच्या सहकार्याचा हा मासला खराच. तथापि हा इलाज विसर्जनानंतरचा. शाडूची मूर्ति जड, नाजूक, वाळण्यास मंद. ही अडचण कारखान्यांतच सुटली पाहिजे. रोह्याजवळ धाटावास रासायनिक कारखान्यांची वसाहतच आहे. तेथील रसायनतज्ज्ञांनीं पेणच्या मूर्तिशाळेची पायरी चढावी व प्रयोगांचा खर्च सरकारनें सोसावा, अशी आमची मागणी आहे.