विश्लेषण : पर्यटक विक्रमी, तरी मालदीवची तिजोरी रिकामी का?

मालदीवला २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक परदेशी पर्यटकांनी भेट दिली. देशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सव्वापाच लाखांच्या आत. म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास चौपट पाहुणे आले. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘बँक ऑफ मालदीव’ने स्थानिक चलनातील खात्यांच्या कार्डांवरून होणारे परकीय चलनाचे व्यवहार अचानक रोखले. गदारोळ झाल्यावर हा निर्णय त्याच दिवशी मागेही घेतला गेला. पण देशात डॉलर किती कमी उरले आहेत, हे लोकांना कळायचे ते कळले. ‘फिच’ने त्याच महिन्यात देशाचा पतदर्जा ‘सीसी’पर्यंत खाली आणला.

भारतात या संकटाकडे ‘चीनचे कर्ज की भारताची मदत’ या एकाच चष्म्यातून पाहिले जाते. दुखणे त्याहून जुने आणि खोल आहे.

भूगोल महाग कसा पडतो?

सुमारे १,२०० बेटांपैकी कायम लोकवस्ती असलेली दोनशेहूनही कमी. सगळी जमीन मिळून जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा कमी. पण ती समुद्रात ८०० किलोमीटरहून अधिक लांब विखुरलेली आहे.

एका शहरात एक वीजकेंद्र, एक रुग्णालय, एक जलशुद्धीकरण प्रकल्प उभारून भागते. इथे तसे होत नाही. बहुतेक वस्तीच्या बेटांवर स्वतंत्र डिझेल जनरेटर चालतो, स्वतंत्र धक्का लागतो, दवाखाना आणि शाळाही स्वतंत्र. काही बेटांवर वस्ती अवघी काही शे माणसांची असते, तरी जनरेटर बंद ठेवता येत नाही. त्यासाठीचे सगळे डिझेल आयात केलेले आणि डॉलर मोजून आणलेले. तेलाचे भाव चढले की सरकारचे अनुदानाचे बिल फुगते.

पाण्याचेही तेच. बेटांखालचा गोड्या पाण्याचा थर पातळ आहे, त्यामुळे पावसाचे साठवलेले पाणी आणि समुद्राचे गोडे केलेले पाणी यांवरच भिस्त. ४ डिसेंबर २०१४ रोजी राजधानी मालेतील पाणीपुरवठा प्रकल्पात आग लागली आणि सुमारे एक लाख लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने ‘ऑपरेशन नीर’ राबवून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले. राजधानीचा एक प्रकल्प बंद पडला तर दुसरा हाताशी नव्हता, इतकी ही व्यवस्था तेव्हा नाजूक होती.

बांधकामाची वाळू आणि खडीही बाहेरून येते. २०२४-२५ साठी भारताने मालदीवला प्रत्येकी दहा लाख टन वाळू आणि खडी निर्यात करण्यास परवानगी दिली. त्याच यादीत अंडी, बटाटे, कांदे, तांदूळ, साखर आणि डाळही होती. घराची भिंत असो वा ताटातली आमटी, दोन्हींसाठी आधी डॉलर लागतो.

मग पर्यटनाचे डॉलर जातात कुठे?

१९७२ मध्ये ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या धोरणाने मालदीवला श्रीमंत पाहुणे मिळवून दिले, यात शंका नाही. पण पर्यटकाचे पैसे बऱ्याचदा परदेशातच भरले जातात, रिसॉर्टचे अन्न आणि सामान आयात होते, अनेक कर्मचारी परदेशी असतात. डॉलर कागदावर येतो, देशात थोडाच थांबतो. रुफियाचा सरकारी दर डॉलरमागे १५.४२ वर बांधलेला. त्या भावात डॉलर मिळेनासा झाला की लोक काळ्या बाजाराकडे वळतात. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने मोठ्या रिसॉर्टना दर पर्यटकामागे ५०० डॉलर स्थानिक बँकांत बदलून घेण्याची सक्ती केली. हा नियम जाचक वाटेल, पण तो दशकभर आधीच यायला हवा होता.

पूल कुणासाठी?

कर्जाचा मोठा ओघ राजधानीभोवती गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये माले आणि विमानतळाचे हुलहुले बेट यांना जोडणारा, चीनच्या मदतीचा सिनामाले पूल खुला झाला. त्यापलीकडे भर घालून वसवलेल्या हुलहुमालेत चिनी कर्जातून सात हजार घरांचे मनोरे उठले. पश्चिमेला मालेपासून थिलाफुशीपर्यंतच्या ६.७४ किलोमीटरच्या जोडमार्गासाठी भारताने १० कोटी डॉलरचे अनुदान आणि ४० कोटी डॉलरचे कर्ज दिले. काम मुंबईच्या ‘ॲफकॉन्स’कडे गेले.

दाटीने गुदमरलेल्या मालेला मोकळी जागा हवी होती, हे खरे. पण रुग्णालय, चांगली शाळा आणि नोकरी राजधानीतच असेल, तर दूरच्या बेटावरचे कुटुंब तिथेच येणार, भाडे वाढणार, आणि आणखी एका पुलाची मागणी होणार. आजच सुमारे ४० टक्के लोक या भागात राहतात. २०२२ मध्ये उत्तरेकडील बेटांत सुरू झालेली जलद फेरीसेवा दिसायला साधी आहे. पण आजारी माणसाला राजधानी न गाठता शेजारच्या मोठ्या बेटावर उपचार मिळू शकतात, ते अशाच सेवेमुळे. उद्घाटनाच्या फोटोत पूल शोभतो, फेरी शोभत नाही.

भारताच्या मदतीने काय साधले?

सार्वजनिक कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाहून मोठे झाले आहे. २०२१ मध्ये काढलेल्या ५० कोटी डॉलरच्या सुकूक रोख्यांची मुदत एप्रिल २०२६ ची. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय दिली. जुलै २०२५ मध्ये ४,८५० कोटी रुपयांचे नवे कर्ज जाहीर झाले, तेही रुपयांत. आधीच्या कर्जांचा वार्षिक हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आला.

यातून मालदीवला वेळ मिळाला; डॉलर कमावण्याची नवी वाट मात्र मिळाली नाही. रुपयांतले कर्ज फेडायला रुपये कमवावे लागतात, आणि ते येतात मुख्यतः भारतीय पर्यटकांकडून. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय गेले होते, देशांच्या यादीत पहिला क्रमांक. जानेवारी २०२४ मधील वादानंतर बहिष्काराची मोहीम चालली आणि ही संख्या झपाट्याने घसरली. मालदीवमधील हॉटेलमालकांना तेव्हा कळले, की मोबाइलवरची एक शेरेबाजी हंगाम बुडवू शकते.