फेयॉलची शिडी आणि विस्मरणात गेलेला पूल

कार्यालयात आज्ञा वरून खाली झरझर उतरते. खालचा शब्द मात्र वर पोहोचत नाही. या मूकपणाचा दोष टेलर, फेयॉल आणि वेबर या अभिजात व्यवस्थापनविचारांच्या प्रवर्तकांच्या माथी मारण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. टेलरपुरता हा आरोप बव्हंशी खरा आहे. विचार नियोजन विभागाने करावा आणि कामगाराने सूचनापत्राबरहुकूम हात चालवावेत, ही त्याची रीत. अमेरिकेतील वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात ऑगस्ट १९११ मध्ये ओतकाम खात्यात सेकंद मोजणारे घड्याळ आले, तेव्हा तेथील कामगार काम टाकून बाहेर पडले. ज्यांचे श्रम मोजले जाणार होते, त्यांना कोणी विश्वासात घेतलेच नव्हते! प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपर्यंत गेले आणि १९१५ मध्ये लष्करी खर्चाच्या कायद्यातच अशा मोजमापाला पायबंद घालण्यात आला.

हेन्री फेयॉल याच्यावर मात्र अन्याय झाला आहे. हा फ्रेंच खाण अभियंता केवळ ग्रंथपंडित नव्हे. १८८८ मध्ये डबघाईस आलेल्या खाण आणि पोलाद कंपनीची सूत्रे त्याने हाती घेतली आणि तीस वर्षे ती समर्थपणे चालविली. १९१६ साली त्याने मांडलेल्या चौदा तत्त्वांपैकी एक म्हणजे अधिकारशृंखला. तिचे स्पष्टीकरण करताना त्याने दुहेरी शिडीची आकृती काढली. एका बाजूच्या सहाव्या पायरीवरील माणसाला दुसऱ्या बाजूच्या त्याच पायरीवरील माणसाशी बोलायचे असेल, तर निरोप पाच पायऱ्या चढून शिखरावर जाणार आणि पाच उतरणार. उत्तर त्याच वाटेने परतणार. एका प्रश्नासाठी वीस टप्पे! ही निरर्थकता दाखवून फेयॉलने त्या दोघांमध्ये थेट पूल टाकला. अधिकाराची वाट विनाकारण सोडणे चूक खरे. पण कामाचे नुकसान होत असतानाही ती धरून बसणे ही त्याहून मोठी चूक, असे त्याचे मत होते.

या पुलाला दोन अटी आहेत. दोघांच्या वरिष्ठांनी थेट बोलण्याची मुभा द्यावी, ही पहिली. आणि जे ठरेल ते दोघांनी आपापल्या वरिष्ठांना तत्काळ कळवावे, ही दुसरी.

पहिली अट मोडली की काय होते, हे आपल्याकडे निराळे सांगावयास नको. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला विचारून पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न ‘योग्य मार्गाने’ पाठविला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक शेरा घेत महिनोन् महिने फिरतो. केंद्र सरकारला २०२१ मध्ये फाइलचे टप्पे चारपर्यंत आणण्याचे धोरण आखावे लागले, ते उगीच नव्हे. संगणक आल्याने फाइलीवरची धूळ गेली, इतकेच. ई-मेलच्या प्रती दहा वरिष्ठांना पाठवून स्वतःला सुरक्षित करून घेणारा कर्मचारी जुनीच शिडी चढत असतो.

दुसरी अट मोडण्याची किंमत अधिक भीषण आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या कंत्राटदार कंपनीतील अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत इशारा दिला होता, की ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नये. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी निकामी होण्याचे भय होते. मधल्या फळीने वाद आपसात मिटविला, कंपनीच्या व्यवस्थापनाने सल्ला फिरविला आणि उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना या विरोधाची वार्ताच पोहोचली नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. खालचे लोक बोलले होते. पण आपसात मिटविलेले वर कळविण्याचे कर्तव्य मधल्यांनी पाळले नव्हते.

आपली व्यवस्थापनाची शिकवणी मात्र शिडीची आकृती परीक्षेपुरती घोकून घेते आणि पुलाला दोन ओळींत निरोप देते. हा पूल इतका कमी का वापरला जातो, याचे उत्तरही फेयॉलने देऊन ठेवले आहे. जबाबदारीचे भय हे सर्वसाधारणपणे सांगितले जाणारे कारण. पण फेयॉलला ते पटत नाही. खरे कारण वरिष्ठांच्याच व्यवस्थापनक्षमतेची उणीव हे आहे, असे तो म्हणतो. शिखरावरच्या माणसाने आपल्या लगतच्या दोघा साहाय्यकांना आधी हा पूल वापरावयास लावावा आणि त्यांनी तो खालच्यांना वापरावयास लावावा, ही त्याची सूचना. सल्ला देणारा स्वतः तीस वर्षे शिखरावरच बसलेला होता.